गाडीतला फ्रिज थकलाय: रिपेअर करायचा का सरळ बदलायचा?

उन्हाळा लागला की सांगली-मिरजेकडचे कॅम्परवाले काय आणि साताऱ्याकडं ट्रॅव्हलर व्हॅन राहण्यासाठी कन्व्हर्ट करून घेतलेले काय, सगळ्यांचं एकच रडगाणं सुरू होतं, फ्रिज गार करत नाहीये, मेकॅनिक म्हणतोय गॅस भरू, दुकानदार म्हणतोय कशाला त्याच्या नादाला लागता नवा घ्या. दोघंही आपापल्या धंद्याचं बोलतात, त्यांचं काही चुकत नाही, पण खिसा आपला आहे. म्हणून निर्णयाआधी एकच गोष्ट पक्की करा: बिघाड सीलबंद कूलिंग युनिटच्या, म्हणजे गार करणारा माल भरून कारखान्यातच बंद केलेल्या नळ्यांच्या, आत आहे का बाहेर. बाहेर असेल तर फ्रिज कितीही जुना असू दे, रिपेअर करा, स्वस्तात सुटतं. आत असेल तर आपल्या भागात, आपल्या उन्हात, शक्यतो तो ओढत बसू नका. आता हे ओळखायचं कसं ते सांगतो.

आधी तुमच्या गाडीत कुठल्या जातीचा फ्रिज आहे ते बघा, कारण निम्मी लोकं इथंच गंडतात. पहिला म्हणजे ॲब्सॉर्प्शन, ज्याला थ्री-वे म्हणतात, १२ व्होल्ट, २३० व्होल्ट आणि एलपीजी तिन्हीवर चालतो. बाहेरून आणलेल्या कॅराव्हॅनमध्ये डोमेटिक नाहीतर थेटफर्डचा असतो तो बहुतेक हाच. त्याचा आवाज अजिबात येत नाही, कारण आत कॉम्प्रेसरच नाही. दुसरा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, कान लावला की बारीक घरघर ऐकू येते. आणि तिसरा आपला देशी जुगाड, घरातला छोटा २३० व्होल्टचा फ्रिज इन्व्हर्टरवर टाकलेला. तिघांचे आजार वेगळे आणि डॉक्टरही वेगळे.

ॲब्सॉर्प्शनवाल्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथल्या मेकॅनिकला तो फारसा बघायला मिळत नाही. ही आयडिया स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांची, १९२२ ची. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन प्रेशरखाली भरलेला असतो. खाली बॉयलरला उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, मागच्या पत्र्याच्या पात्यांच्या (फिन्सच्या) जाळीत गार होऊन पातळ होतो, आत फ्रीजरपाशी हायड्रोजनच्या संगतीत परत वाफ होतो आणि तिथली उष्णता ओढून घेतो, मग खाली येऊन पुन्हा पाण्यात मुरतो. फिरणारा एकही पार्ट नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. त्यामुळं गाडी तिरकी उभी केली की खेळ खलास, साधारण ३ अंश आडवं आणि ६ अंश पुढंमागं एवढंच हा फ्रिज सहन करतो. महाबळेश्वरला उतारावर गाडी लावून रात्रभर फ्रिज चालू ठेवला तर आतलं पाणी एका जागी अडकतं, बॉयलर कोरडा तापतो, आणि गंज लागू नये म्हणून आत घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी तुंबते. एका रात्रीत नाही मरत, पण प्रत्येक वेळी थोडं थोडं आयुष्य कमी होतं. घाटात चालत्या गाडीत हलत राहतं म्हणून तेवढं बिघडत नाही, वाट लागते ती उभ्या गाडीत.

आता टेस्ट. कुणालाही बोलावण्याआधी ही करा, फुकट आहे. गाडी एकदम लेव्हलवर लावा, स्पिरिट लेव्हल फ्रिजच्या आत तळाला ठेवून बघा, गाडीच्या बंपरवर नको. फ्रिज २३० व्होल्टवर लावा, आत पाण्याचा एक ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवून ठेवा, दार बंद करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. ॲब्सॉर्प्शनला गार व्हायलाच आठ-दहा तास लागतात, त्याला तासाभरात उघडून बघणं म्हणजे उगाच जीव खाणं. दुसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी ५ डिग्रीच्या खाली असेल तर कूलिंग युनिट ठणठणीत आहे, काय बिघडलंय ते बाहेरचं. १०-१२ असेल तर मधलं प्रकरण, आधी हवा तपासा, ते पुढं सांगतो. बाहेरच्याएवढंच तापमान असेल तर मागचं झाकण काढायची वेळ आली.

मागचं झाकण काढल्यावर आधी नाक वापरा. डोळ्यात पाणी आणणारा उग्र वास आला तर अमोनिया लीक आहे, तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलेल्या माणसाला तो वास वेगळा सांगायला नको. नळ्यांवर पिवळी पावडर किंवा पिवळे ओघळ दिसले तर तो क्रोमेट, म्हणजे युनिट फुटलंय. हात लावू नका, विषारी आहे, फ्रिज बंद करा, गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा. इथं रिपेअरचा विषय संपला. कुणी म्हणेल वेल्डिंग करून देतो, अमोनिया भरून देतो, तर त्याला हात जोडून नमस्कार करा. कोल्ड स्टोरेजचा अमोनिया प्लँट सांभाळणारा माणूस कितीही हुशार असला तरी हे युनिट त्याच्या हातचं नाही, आत हायड्रोजन आहे आणि तिन्हीचं प्रमाण कारखान्यातच जुळवलेलं असतं. अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळं डोमेटिक आणि नॉरकोल्ड दोघांनाही हजारो फ्रिज रिकॉल करावे लागलेत, त्यामुळं लीक झालेलं युनिट 'बघू अजून एक ट्रिप' म्हणून चालवू नका.

वास नाही, पावडर नाही, तर मग हीटर बघा. मल्टिमीटर घ्या, सप्लाय काढा, हीटरच्या दोन वायरी सोडवून ओहम मोजा. गणित सोपं आहे, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टचा १२५ वॅटचा हीटर असेल तर सव्वाचारशे ओहमच्या आसपास यायला पाहिजे, १२ व्होल्टचा १२० वॅटचा असेल तर फक्त १.२ ओहम. मीटरवर काहीच आलं नाही तर हीटर उडालाय, आणि ही आनंदाची बातमी समजा, कारण हीटर बदलता येतो आणि तो काय फार महाग पार्ट नाही. वॅट किती ते फ्रिजच्या आतल्या बाजूला स्टिकरवर असतं. तिथंच क्लायमेट क्लास पण लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, पुढं कामाला येईल.

विजेवर गार होतो पण गॅसवर नाही, असं असेल तर युनिट चांगलं आहे, दोष बर्नरमध्ये. ज्योत निळी आणि सरळ पाहिजे, पिवळी फडफडत असेल तर जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) नाहीतर चिमणी घाण झालीये. पावसाळाभर गाडी उभी राहिली की कुंभारीण माशी चिमणीत मातीचं घर करते, कोळी जाळं करतो, काजळी खाली पडून बर्नर बुजतो. चिमणी ब्रशनं साफ करा, जेट स्पिरिटमध्ये भिजवून हवेनं फुंका, पण त्यात सुई-पिन घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत बिघडलीच. गॅसचे जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून सांगतोय. आणि घरचा लाल सिलेंडर गाडीत नको, नियमात बसत नाही, ५ किलोचा बाजारात वेगळा मिळतो तो घ्या. असा फ्रिज दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे ५ किलो दोनेक आठवडे जातो. पंपावर डिझेल भरताना ज्योत बंद, याला अपवाद नाही.

वास-पावडर, हीटर, बर्नर तिन्ही गोष्टी ठीक, बॉयलर चांगला तापतोय, गाडी लेव्हलवर आहे, तरी आत काहीच गार नाही, असं असेल तर युनिट आतून तुंबलंय. इथं एक जुना उपाय सांगितला जातो, फ्रिज काढून उलटा करून दिवसभर ठेवायचा, परत सरळ करायचा, आतलं मोकळं होतं म्हणे. कधीकधी होतंही, पण लय दिवस टिकत नाही, आणि एवढा जड फ्रिज गाडीतून उतरवायचा, चढवायचा, कंबर धरून बसायचं, त्यापेक्षा तो उतरवलाच आहे तर परत बसवू नका.

आता ते मधलं प्रकरण, म्हणजे गार होतो पण पुरेसा नाही. इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात असं माझं मत आहे. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, पत्र्याच्या गाडीत फ्रिजच्या मागं त्याहून जास्त. मघाशी फोटो काढला त्या स्टिकरवर क्लायमेट क्लास एन किंवा एसएन लिहिलं असेल तर तो फ्रिज ३२ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, एसटी असेल तर ३८, टी असेल तर ४३. युरोपातून आलेला एन किंवा एसएनवाला फ्रिज आपल्याकडं मे महिन्यात धापा टाकणारच, त्याला कुठलाही मेकॅनिक बरा करू शकत नाही कारण तो आजारीच नाही. त्याला हवा द्या. खालच्या जाळीतून गार हवा आत आणि वरच्या जाळीतून गरम बाहेर, असा रस्ता पाहिजे, आणि फ्रिजच्या मागं मोकळी जागा जास्त असेल तर हवा फिन्सला न शिवता निघून जाते, तिथं पत्रा लावून ती फिन्सकडं वळवा. वरच्या बाजूला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा एक-दोन फॅन लावा, गरम हवा बाहेर फेकेल असा. दुपारी फ्रिजची भिंत उन्हात येणार नाही अशी गाडी लावा. वाईच्या पुढं पसरणी घाट चढून पाचगणीला गेल्यावर ज्याचा फ्रिज आपोआप सुधारतो त्यानं समजून घ्यावं, प्रॉब्लेम हवेचा आहे.

दाराचं रबर पण इथंच तपासा, शंभराची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, अलगद निघाली तर तिथून गारवा जातोय. गास्केट मापाप्रमाणे बनवून मिळतं, फ्रिज बदलायचं हे कारण होऊच शकत नाही.

कॉम्प्रेसरवाल्याकडं येऊ. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बंद पडला की दहातले बरेच वेळा फ्रिज बरोबर असतो आणि वायर बारीक असते. विश्वास नाही बसत ना, हिशोब करा. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ ची घातली तर ०.३७, आणि ६ ची घातली तर ०.१५. बॅटरी १२ वर असताना बारीक वायरीतून फ्रिजला ११.१ मिळतात, स्टार्टला करंट अजून वाढतो, कॉम्प्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर म्हणतो बॅटरी उतरली आणि कट करतो. सेकॉपच्या, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसच्या बीडी-३५ कॉम्प्रेसरवर छोटा एलईडी जोडलेला असेल तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा: एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा फॅनचा घोळ, तीनदा मोटर स्टार्ट होत नाही, चारदा मोटरला स्पीड मिळत नाही, पाचदा कंट्रोलर तापलाय. एकदाच लुकलुकत असेल तर मेकॅनिकला फोन करायची गरजच नाही, जाड वायर आणि नवीन फ्यूज होल्डर घाला. व्होल्टेज मोजायचं ते कॉम्प्रेसर चालू होतानाच आणि फ्रिजच्या टर्मिनलवरच, बॅटरीवर मोजून काही कळत नाही.

मग येतो तो 'गॅस भरू' वाला डायलॉग. सीलबंद सिस्टिममधला गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर पुढच्या सुट्टीत परत तेच. मेकॅनिकला विचारा की नायट्रोजन मारून प्रेशर धरतंय का बघणार का, ड्रायर फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम पंप लावणार का, आणि गॅस काट्यावर मोजून घालणार का. शेवटचं लय महत्त्वाचं, या छोट्या फ्रिजमध्ये गॅस ग्रॅममध्ये असतो, अंदाजे सोडला की जास्त होतो आणि मग गारही होत नाही आणि करंटही खातो. चारही उत्तरं हो आली तर करून घ्या. आर-६००ए असेल तर तो पेटणारा गॅस आहे, गाडीच्या आत झाळायचा गॅस टॉर्च पेटवू देऊ नका, फ्रिज खाली उतरवूनच काम.

माणूस कुठला बघायचा, तर घरच्या फ्रिजचा मेकॅनिक २३० व्होल्ट पाठ ओळखतो पण १२ व्होल्टचा कंट्रोलर बघून दचकतो, आणि कारच्या एसीवाला आर-१३४ए आणि १२ व्होल्ट दोन्ही रोज हाताळतो पण कॅपिलरी (अगदी बारीक नळी), ब्रेझिंग (नळ्या झाळणं) या बारीक कामात तेवढा बसलेला नसतो. दूध-आइस्क्रीमच्या गाड्यांचं कूलिंग करणारा कुणी ओळखीत असेल तर त्याला पहिला गाठा, आपल्या दुधाच्या पट्ट्यात अशी माणसं मिळतात.

कॉम्प्रेसर स्वतःच जाम झाला असेल, किंवा लीक पफच्या, म्हणजे भिंतीत भरलेल्या फोमच्या, आतल्या नळीत असेल, तर थांबा. पफ फोडून नळी शोधणं म्हणजे इन्सुलेशनची वाट. साधा नियम धरा, रिपेअरचा खर्च त्याच मापाच्या नव्या फ्रिजच्या निम्म्यापुढं जात असेल तर नवा. फ्रिज दहा वर्षांच्या पुढचा असेल तर मी निम्म्याऐवजी तिसऱ्या हिश्शावर थांबतो. फक्त कंट्रोलर गेला असेल आणि कॉम्प्रेसर धडधाकट असेल तर वय न बघता कंट्रोलर बदला.

आता ॲब्सॉर्प्शन मेलाच असेल तर परत तसलाच घ्यायचा का? माझं स्पष्ट मत, नाही. बॅटरीचा हिशोब बघा. १२० वॅटचा ॲब्सॉर्प्शन १२ व्होल्टवर सलग १० अँपिअर ओढतो, दिवसाला २४० अँपिअर-अवर. तुमची १५० ची ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तर साडेसात तासात विषय संपला. म्हणून हे फ्रिज १२ व्होल्टवर फक्त इंजिन चालू असतानाच चालवायचे असतात, उभ्या गाडीत गॅसच. त्याच मापाचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅट, उन्हात निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ४५ अँपिअर-अवर, तीच बॅटरी दीड दिवस पुरते, आणि छतावर ३०० वॅटचं सोलर असेल तर उन्हाळ्यात बॅटरी भरून वर उरतं. पावसाळ्यात कास, कोयना, महाबळेश्वर असं फिरणार असाल तर मात्र सोलरच्या भरवशावर राहू नका, तिकडं दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, गाडी चालताना चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर पाहिजेच. जो माणूस एकाच जागी आठ-आठ दिवस झाडाखाली गाडी लावून बसतो, वीज नाही, ऊन नाही, इंजिन चालू करायचं नाही, फक्त त्याच्यासाठी गॅसवाला अजून बरा.

घरातला छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर टाकायचा का असं बरेच विचारतात, कारण स्वस्त पडतो आणि गावोगाव रिपेअर होतो. चालतं, पण अटी आहेत. साधा कॉम्प्रेसर स्टार्टला आपल्या वॅटच्या कितीतरी पट करंट ओढतो, छोटा इन्व्हर्टर तिथंच बसतो, म्हणून इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरवाला फ्रिज घ्या आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यात पण बॅटरी खातो हे हिशोबात धरा. बीईईच्या, म्हणजे स्टार रेटिंगच्या, स्टिकरवर वर्षाचे युनिट असतात, त्याला ३६५ नं भागा, रोजचा खप मिळाला, गाडीत त्याच्या दीडपट धरा. आणि हायवेवर नाही पण घाटात दार उघडून सगळं दूध-दही खाली येतं, दाराला कडी आणि फ्रिजला चारी बाजूंनी क्लॅम्प.

जुना सेकंडहँड मिळतोय म्हणून उड्या मारू नका. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती दुकानं-घरं पाण्याखाली गेली ते सगळ्यांनी बघितलंय, त्या वेळची इलेक्ट्रिक वस्तू पुसून-रंगवून फिरत असली तर आश्चर्य नाही. मागचं झाकण काढून कॉम्प्रेसरच्या पायाशी, स्क्रूच्या खाचेत, वायरच्या जोडात गाळ किंवा एकसारखी गंजाची रेघ दिसते का बघा.

नवा घेण्याआधी जुन्याच्या खाचेचं माप घ्या, रुंदी-उंची-खोली तिन्ही, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते. अर्धा इंच कमी पडला तर अख्खं फर्निचर फोडावं लागतं, जास्त उरला तर कुपवाड नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून फ्रेम करून घ्या. ॲब्सॉर्प्शनच्या जागी कॉम्प्रेसर बसवताना गॅसची लाइन नुसती मुडपून सोडू नका, पितळी कॅप लावून सिलेंडरच्या बाजूनं बंद करा आणि साबणाच्या पाण्यानं बघा. बाहेरच्या जाळ्या पूर्ण बुजवू नका, कॉम्प्रेसरलाही हवा लागते, फक्त पाऊस आत येणार नाही एवढं बघा.

आणि तो काढलेला ॲब्सॉर्प्शन. भंगारवाल्याला द्याल तेव्हा तोंडानं सांगा की यात प्रेशरखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे, कटर किंवा हातोडा लावायचा नाही, क्रोमेट विहिरीत-ओढ्यात जाता कामा नये. ई-कचरा घेणारा अधिकृत माणूस मिळाला तर त्यालाच द्या, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. देण्याआधी थर्मोस्टॅट, चांगला असेल तो हीटर आणि बाहेरच्या जाळ्या काढून ठेवा, तसलाच फ्रिज असलेला कुणीतरी शोधत असतोच.